परदेशी ड्यूटीवरच्या सैनिकाला पार्सल पाठवताना: यूएसपीएसचा एपीओ बॉक्स आणि फ्री किट

माझा भाचा अमेरिकन आर्मीत आहे आणि सध्या डिप्लॉयमेंटवर देशाबाहेर आहे, कुठे ते मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे येईलच. त्याला पार्सल पाठवायला मी यूएसपीएसचा, म्हणजे अमेरिकन पोस्टाचा, एपीओ-एफपीओ वाला (फौजेच्या पत्त्यांसाठीचा) लार्ज फ्लॅट रेट बॉक्स वापरते, म्हणजे वजन कमी-जास्त झालं तरी एकच दर असलेला प्रायॉरिटी मेलचा मोठा खोका. इथे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी ज्यांच्या घरचं कुणी फौजेत आहे त्यांना हे कामाला येईल म्हणून सविस्तर लिहितेय, कारण पहिल्यांदा पाठवताना मनात धाकधूक असते की एवढ्या लांब जाणार, मिळेल का, फुटेल का, कुठे अडकेल का.

आधी पैशांचं बोलू. हे पार्सल जगाच्या दुसऱ्या टोकाला गेलं तरी दर देशातल्या देशातलाच लागतो. पोस्ट ते पार्सल अमेरिकेतल्या गेटवेपर्यंत, म्हणजे मिलिटरीचं टपाल गोळा होतं त्या केंद्रापर्यंत, नेतं आणि तिथून पुढचा प्रवास मिलिटरीची स्वतःची पोस्टल यंत्रणा करते, त्यामुळे इंटरनॅशनल कुरिअरचे अवाच्या सवा पैसे द्यावे लागत नाहीत. त्यात हा लार्ज बॉक्स नेहमीच्या लार्जपेक्षा थोडा स्वस्त, २००८ साली तो आला तेव्हा नेहमीचा १२.९५ डॉलरला होता आणि हा १०.९५ ला, दर तेव्हापासून बरेच वाढलेत पण सवलत अजून आहे. बॉक्स साधारण १२ बाय १२ बाय साडेपाच इंच आणि वजन ७० पौंडांपर्यंत कितीही, दर तोच. म्हणून जड वस्तू यातच घाला, बेबी वाइप्सची पाकिटं, ड्रिंक मिक्स, कॉफी, शॅम्पू, पुस्तकं, हे सगळं वजनावर पाठवलं तर महागात पडतं. उलट हलकं आणि फुगीर सामान असेल, मोजे टीशर्ट वगैरे, तर ग्राउंड अॅडव्हांटेजचा, म्हणजे पोस्टाच्या वजनावर चालणाऱ्या सेवेचा, दर पण विचारून बघा, कधीकधी कमी निघतो पण वेळ जास्त लागतो. मीडियम फ्लॅट रेट बॉक्सलाही मिलिटरी पत्त्यावर दर देशातलाच असतो, पण ही वरची सवलत फक्त लार्जला.

बॉक्स विकत घ्यायची गरज नाही. यूएसपीएसच्या ऑनलाइन स्टोअरवर मिलिटरी केअर किट म्हणून मागवता येतं, फुकट, घरपोच. त्यात लार्ज आणि मीडियम बॉक्स, टेप, अॅड्रेस लेबल आणि कस्टम्स फॉर्म ठेवायची पारदर्शक पाकिटं असतात. ही मला या सगळ्या सर्व्हिसमधली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. एकच सांगते, किट घरी यायला वेळ लागतो, त्यामुळे पाठवायच्या आदल्या आठवड्यात मागवून उपयोग नाही, एक संच कायम घरात असू द्या.

आता पत्ता, आणि हे नीट वाचा प्लीज. पत्त्यात पूर्ण नाव, मग युनिट किंवा पीएससी (तळावरच्या मिलिटरी पोस्टाचा) नंबर आणि बॉक्स नंबर, आणि खाली शहराच्या जागी एपीओ, एफपीओ किंवा डीपीओ, राज्याच्या जागी एई, एपी किंवा एए, आणि झिप कोड. एपीओ म्हणजे आर्मी आणि एअर फोर्स, एफपीओ म्हणजे नेव्हीची जहाजं आणि तळ, डीपीओ म्हणजे दूतावासातले लोक. एई मध्ये युरोप, मिडल ईस्ट, आफ्रिका येतं, एपी म्हणजे पॅसिफिक बाजू आणि एए म्हणजे अमेरिका खंडातली बाकीची ठिकाणं. यात देशाचं नाव लिहायचं नाही, शहराचं नाही, तळाचंही नाही. आपल्याला वाटतं जास्त माहिती दिली तर पार्सल लवकर पोचेल पण होतं उलटं, देशाचं नाव दिसलं की पार्सल त्या देशाच्या साध्या पोस्टात जाऊ शकतं आणि तिथून ते तळावर पोचेल याची काही खात्री नाही. पत्ता त्याच्याकडूनच लेखी घ्या, आकडा न् आकडा, फोनवर ऐकून उतरवू नका. आणि एक चिठ्ठी दोन्ही पत्ते लिहून आत टाका, बाहेरचं लेबल फाटलं तर ती वाचवते.

खाजगी कुरिअरवाले एपीओ पत्त्यावर डिलिव्हरी देत नाहीत हेही लक्षात ठेवा. ऑनलाइन काही मागवून थेट त्याच्या पत्त्यावर पाठवायचं असेल तर विक्रेता पोस्टाने पाठवतो का ते आधी बघा, नाहीतर ऑर्डर मधेच रद्द होते किंवा परत येते.

कस्टम्स फॉर्म लागतो, दर देशातला असला तरी. हाताने लिहिलेला आता चालत नाही, माहिती कॉम्प्युटरमध्ये जावी लागते, एकतर घरी ऑनलाइन भरून प्रिंट काढा किंवा काउंटरवर कागद भरून द्या, ते टाइप करून देतात. मी घरीच भरते कारण रांगेत उभं राहून आत काय काय होतं ते आठवत बसण्यापेक्षा टेबलावर वस्तू समोर ठेवून यादी केलेली बरी. त्यात गिफ्ट किंवा फूड असं मोघम लिहू नका, हार्ड कँडी इतकी पाकिटं, कॉटनचे मोजे इतके जोड, अंदाजे किंमत इतकी, असं लिहा. पार्सल देता आलं नाही तर परत पाठवायचं की सोडून द्यायचं हेही फॉर्मवर विचारलेलं असतं, ते न वाचता टिक करू नका.

काय पाठवू नये हा भाग मोठा आहे आणि खरी सुरक्षितता इथेच आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक नाही. जी बॅटरी उपकरणाच्या आतच बसवलेली आहे तिला मर्यादेत परवानगी असते, तीही त्या ठिकाणच्या नियमात बसत असेल तरच, म्हणून ट्रिमर किंवा हेडफोन पाठवायच्या आधी काउंटरवर विचारा. स्प्रेचे डबे नाहीत, डिओचा स्प्रे असेल तर त्याऐवजी स्टिक घ्या. परफ्यूम नाही, नेलपॉलिश नाही, लायटर-काडेपेटी नाही, दारू तर नाहीच. हे सगळं विमानातून जातं, एकाच्या खोक्यातून आग लागली तर सगळ्यांचीच पत्रं आणि माणसंही धोक्यात येतात, त्यामुळे हे नियम मला अजिबात जाचक वाटत नाहीत. याशिवाय ठिकाणाप्रमाणे वेगळे नियम आहेत. मिडल ईस्टमधल्या बऱ्याच झिप कोडना पोर्क आणि पोर्कचे पदार्थ चालत नाहीत, अश्लील मासिकं-चित्रं चालत नाहीत, धार्मिक साहित्य गठ्ठ्याने पाठवता येत नाही. कुठल्या झिपला काय बंद ही यादी यूएसपीएसच्या पोस्टल बुलेटिनमध्ये येते, त्यात प्रत्येक झिपपुढे अक्षरं असतात आणि खाली त्या अक्षरांचे अर्थ. दिसायला किचकट आहे पण आपल्याला एकच ओळ बघायची असते, आणि ती दर वेळी बघायची कारण यादी बदलते, कधी कधी एखाद्या झिपची पोस्टसेवाच तात्पुरती थांबवलेली असते.

पॅकिंगबद्दल. पातळ आणि पावडर असलेली प्रत्येक गोष्ट झिपलॉकमध्ये, शॅम्पू असेल तर झाकणावर टेप आणि दोन पिशव्या. साबण, वाइप्स, वासाची कुठलीही वस्तू खाण्याबरोबर ठेवू नका, दोन-तीन आठवडे बंद खोक्यात राहिल्यावर बिस्किटांना साबणाचा वास लागतो आणि ती कुणी खाऊ शकत नाही. साबण-वाइप्सना वेगळा बॉक्स करा. वाळवंटी भागात उन्हाळ्यात पाठवत असाल तर चॉकलेट, गमी, लिप बामची काडी असलं वितळणारं सोडून द्या, दाणे, क्रॅकर्स, हार्ड कँडी, पाण्यात घालायची पावडर पाठवा. बॉक्समध्ये रिकामी जागा ठेवू नका, हलवल्यावर आवाज आला तर उघडून परत भरा, मोजे कोपऱ्यात खुपसले की वेगळं भरण लागत नाही. पण इतकंही कोंबू नका की झाकण त्याच्या घडीवर बसणार नाही, फ्लॅट रेटला बॉक्स नीट मिटला पाहिजे ही अट आहे. सगळ्या शिवणींवर रुंद टेप मारा.

आत काय घालायचं ते त्यालाच विचारा. तिथे पीएक्स म्हणजे कॅन्टीन चांगलं असेल तर रोजच्या वस्तू मिळतात आणि आपण पाठवलेली टूथपेस्ट पडून राहते, लहान चौकीवर असेल तर त्याच टूथपेस्टला किंमत असते. मुलगी फौजेत असेल तर सॅनिटरी पॅड, कंडिशनर, केसांचे रबर, हे तिने मागायची वाट न बघता घाला. पत्र हाताने लिहिलेलं एक तरी असावं. आणि थोडं जास्तीचं पाठवा, त्याच्या तुकडीत घरून काहीच न येणारं कुणीतरी असतंच, भाच्याने मला पहिलं काय मागितलं असेल तर ते अशा एका मित्रासाठी.

ओळखीचं कुणी नसेल तरी पाठवायची इच्छा असणारे विचारतात, तर नुसतं कुठल्याही सैनिकाला असं लिहून पूर्वी पाठवता यायचं, पण २००१ मध्ये पोस्टाने अँथ्रॅक्सचे जीवघेणे जंतू घातलेली पत्रं पाठवली गेली त्यानंतर डिफेन्स डिपार्टमेंटने ते बंद केलं. आता ऑपरेशन ग्रॅटिट्यूड, सोल्जर्स एंजल्स, यूएसओ अशा संस्थांमार्फत करा, तेच सुरक्षित.

आणि जागेबद्दल गप्प का, तर पार्सलचा फोटो पत्त्यासकट सोशल मीडियावर टाकणारे नातेवाईक मी बघितलेत, प्रेमाने टाकतात पण युनिट, ठिकाण, परतीची तारीख हे कुठेच लिहायचं नसतं. एकट्या त्याचा नाही, सगळ्या तुकडीच्या जिवाचा प्रश्न असतो.

सर्व्हिसमध्ये खटकणारी गोष्ट म्हणजे ट्रॅकिंग. पार्सल गेटवेवरून निघालं की पुढे कित्येक दिवस काहीच दिसत नाही आणि मग एकदम डिलिव्हर्ड. प्रायॉरिटीला साधारण दोन-तीन आठवडे धरा, जहाजावर असेल तर बंदर लागेपर्यंत किंवा रसद येईपर्यंत थांबावं लागतं, तिथे महिनाही जातो. १०० डॉलरपर्यंत इन्शुरन्स दरातच येतो, पावती आणि फॉर्मची कॉपी जपून ठेवा. ख्रिसमससाठी प्रायॉरिटीने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत आणि ग्राउंडने नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच द्या, नेमक्या तारखा पोस्ट दरवर्षी जाहीर करतं. त्याची परतायची वेळ जवळ आली असेल तर शेवटचा महिना-दीड महिना काही पाठवू नका, तो घरी येतो आणि पार्सल तिकडे फिरत राहतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा ट्रॅकिंगचा कापला. पुढचा बॉक्स भरायला घेतलाय, यावेळी त्याने पायाला लावायची पावडर आणि जाड मोजे सांगितलेत, कुणाला यादीतली अक्षरं कळत नसतील तर खाली विचारा, झिप मात्र इथे लिहू नका.