साडेतीन हजारांचे पांढरे दात

आमचा बिट्टू आठ वर्षांचा स्पिट्झ. (सोसायटीत सगळे त्याला पॉमेरियनच म्हणतात, असो.) गेल्या दिवाळीत त्याच्या तोंडाला असा वास यायला लागला की तो मांडीवर चढला की आई पदर नाकाला लावायची. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त तपासू आणि भूल देऊन दात साफ करू. भूल म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला: भूल नाही, घरी येऊन, तासाभरात. साडेतीन हजार.

माणूस आला. निळा अ‍ॅप्रन, हातमोजे, पेटीत चकचकीत हत्यारं. बिट्टूला टॉवेलात गुंडाळून मला धरायला लावलं आणि कर्रकर्र खरवडायला सुरुवात. पेपरवर कापलेल्या नखांसारखे पिवळे तुकडे पडत होते. हिरडीतून रक्त आलं तर म्हणतो, "घाण रक्त आहे ताई, जाऊ द्या." बिट्टू थरथरत होता आणि मी एका हाताने फोटो काढत होते, आधीचा आणि नंतरचा. दात खरंच शुभ्र दिसत होते. त्याच संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा नंबर टाकला.

तीन आठवड्यांत वास परत. फोन केला तर त्याने पाण्यात टाकायचं लिक्विड गळ्यात मारलं, बाराशेला. फेब्रुवारीत बिट्टूच्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. मला वाटलं, गांधीलमाशी चावली.

चावलं काहीच नव्हतं. कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती थेट डोळ्याखाली येतात. तिथे पू झाला होता. रोग हिरडीच्या आत वाढतो, आणि जाग्या कुत्र्याच्या हिरडीखाली नीट हत्यार घालता येत नाही, जिभेकडची बाजू तर राहूनच जाते. म्हणजे त्याने फक्त दिसणारं काढलं. वर पॉलिशही केलं नाही, त्यामुळे खरखरीत दातावर थर आणखी लवकर धरला. शेवटी भूल द्यावीच लागली. 42 दातांतले दोन गेले, चौदा हजारही गेले.

लिक्विडच्या बाटलीवर घटकांची यादीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ती सरळ कचऱ्यात टाकली. अशा काही लिक्विडमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं. त्याने कुत्र्याची साखर झपकन उतरते, यकृतावरही बेततं. आपल्या टूथपेस्टमध्येही ते असू शकतं, म्हणून ती त्याला लावायची नाही. त्या माणसाने दाखवलेलं सर्टिफिकेट नीट वाचलं असतं तर कळलं असतं, ते केस कापण्याच्या कोर्सचं होतं. 1984च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार नोंदणी असलेल्या पशुवैद्यानेच करायचे असतात. नोंदणी क्रमांक विचारायला मला काय झालं होतं? आता त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय.

जखमा भरल्यावर रोज रात्री ब्रश सुरू केला. पहिला आठवडा नुसतं बोटाला गॉज गुंडाळून, मग लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांची चिकनच्या चवीची पेस्ट. ओठ वर करायचा, हिरडीच्या कडेने, बाहेरून. थर दोन-तीन दिवसांत टणक होतो, त्यामुळे रविवारचा रविवार करून भागत नाही.

ग्रुपवर सगळं लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरची अपॉइंटमेंट रद्द झाली. बी विंगच्या काकूंनी मात्र माझ्याच सांगण्यावरून आधीच करून घेतलं होतं. त्यांच्या कुल्फीचे दात पांढरेशुभ्र आहेत, काकू खूश आहेत आणि एक्स-रे काढायला तयार नाहीत.