ऐरोलीची फ्लेमिंगो बोटफेरी: तिथी बघून जा

माझी आत्या दर माघात आठ दिवस आमच्याकडे मुलुंडला राहायला येते. तिचं घर सावंतवाडी तालुक्यात आरोंद्याला, तेरेखोलच्या खाडीवर. वय ७६, गुडघे दुखतात, पण नजर अजून धारदार. थंडी सरता सरता मुंबईत पाहुण्यांना काय दाखवायचं हा प्रश्न दर वर्षी पडतो. राणीची बाग झाली, घारापुरी झाली, एका वर्षी काळा घोड्याच्या महोत्सवातही तिला नेलं. तिथली गर्दी तिला सोसली नाही. यंदा मी ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो बोटफेरीची दोन तिकिटं काढली. माघ ते चैत्र या काळात मुंबईत एकच गोष्ट करायची असेल तर ही करा, असं मी आता कुणालाही सांगेन. त्यासाठी एकच अट आहे, आणि ती मला आत्याने शिकवली.

आधी फेरी कुठे असते ते सांगते. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्र आहे. बोटी तिथून सुटतात. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की लगेच आलंच. ऐरोली स्टेशनवरून रिक्षा मिळते. नोंदणी ऑनलाइन होते. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, म्हणून आम्ही कामाचा वार धरला.

तारीख निवडताना मी फोनवर कॅलेंडर उघडून बसले होते. आत्याने भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. "तारीख कित्याक बघतंस? तिथ बघ." मग तिने हिशेब सांगितला. तिच्या गावात पोरंटोरंही तो बोटांवर करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते. "बारशीक नवाक भरती," ती म्हणाली, म्हणजे द्वादशीला नऊला. केंद्राचं त्या दिवसाचं वेळापत्रक पाहिलं, तर सकाळची फेरी आठच्या सुमाराची होती. पाणी चढत असताना जाणारी.

या फेरीचं सगळं मर्म इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ऐन ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो. पक्षी त्यावर दूरवर पांगतात आणि बोटीला पुरेसं पाणी उरत नाही. ऐन भरतीला, विशेषतः उधाणाच्या दिवसांत, चिखल पाण्याखाली जातो. मग पक्षी उठून नेरुळकडच्या तळ्यांवर किंवा भांडुपच्या पाणथळीत जाऊन उभे राहतात. मधली वेळ, पाणी चढताना किंवा उतरताना, चिखलाची एक पट्टी उरते आणि सगळा थवा त्या पट्टीवर गोळा होतो. बोटीलाही तेव्हाच पाणी मिळतं. आत्याचं पुढचं म्हणणं असं की दशमी ते द्वादशी हे भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, आसपासचे दिवस. भरती फार चढत नाही, चिखल शेवटपर्यंत थोडा तरी राहतो, आणि वेळ सकाळी साडेसात ते नऊची, म्हणजे ऊनही कोवळं. दुपारनंतर जायचं असेल तर पंचमी-षष्ठी धरा, भरती पावणेचार ते साडेचारला येते. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो. शेवटचा शब्द केंद्राच्या वेळापत्रकाचाच. पण कुठल्या आठवड्यात तिकीट काढायचं हे तिथीवरून बरोबर कळतं.

आदल्या दिवशी आत्याची एकादशी होती. पहाटे साडेपाचला तिने पारण्याला घावणे घातले आणि आम्ही सातला निघालो. पुलावर धुकं होतं. स्वेटर लागला, बोटीवर तर शालसुद्धा लागली. मी या पुलावरून वीस वर्षं बसने नोकरीला गेले. पूल १९९९ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून. संध्याकाळी परतताना खिडकीतून कधीकधी दूर पाण्याच्या कडेला एक गुलाबी रेघ दिसायची, आणि खाडीचा वास आला की बसमधली माणसं रुमाल नाकाला लावायची. मीही लावायचे. त्या दिवशी रिक्षातून उतरल्या उतरल्या आत्याने मोठा श्वास घेतला. "हयसर आमच्या खाडयेचोच वास येता गो!" तिला खरंच बरं वाटलं होतं. चिखल, तिवरं, खारं पाणी. तो वास मी पहिल्यांदाच नीट घेतला.

केंद्रात बोटीची वाट बघताना आतलं छोटं प्रदर्शन बघून घ्या, विशेषतः बरोबर मुलं असतील तर. तिवर, कांदळ, चिप्पी यांतला फरक कळतो, आणि मग बोटीतून दिसणारं झाड नुसतं हिरवं राहत नाही. आत्याला अर्थात त्याची गरज नव्हती. धक्क्याजवळच्या चिखलात तिवराची श्वसनमुळं सुयांसारखी वर आलेली होती आणि त्यांच्यामधून निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. त्या ती वाकून बघत राहिली. मग निवट्यांचं कालवण कसं करतात हे तिने मला आणि रांगेतल्या दोन अनोळखी बायकांना सांगितलं.

प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळतं आणि ते घातल्याशिवाय बोट सुटत नाही. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, इथल्याच खाडीकाठच्या गावातला, पन्नाशीचा. "आजी, हात द्या, घाई करू नका," म्हणत त्याने आत्याला आत घेतलं आणि पुढच्या बाकावर बसवलं. गुडघेदुखीवाल्या माणसाला चढता-उतरताना एक हात धरावाच लागतो, तेव्हा बरोबर कुणीतरी असू द्या. बोट सुटली तसं आत्याने त्याला विचारलं, "भांगाची भरती ना आज?" तो एकदम वळून हसला. "आजी खाडीवरच्या दिसता!" त्यानंतर तासभर त्या दोघांचं जे बोलणं चाललं होतं, ते मला या फेरीत मिळालेलं दुसरं दान. कोळंबी कुठे मिळायची, जाळ्यात आता मासळीपेक्षा प्लॅस्टिक जास्त कसं येतं, कुठल्या वाऱ्याला खाडी कशी वागते.

पहिली वीस मिनिटं फ्लेमिंगो दिसत नाहीत. ज्यांना लगेच काहीतरी हवं असतं ती माणसं इथे चुळबुळतात. पण बघायला पुष्कळ आहे. विजेच्या मनोऱ्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात, काठाला बगळे असतात, खंड्या असतो. लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे दिसले, आणि चोच वर वळलेला उचाट्याही एकदा दिसला. पश्चिमेच्या काठाला भांडुप-विक्रोळीची तिवरं सलग जातात. त्यांच्या मागे इमारतींची रांग धुक्यातून वर येते. १६९० हेक्टरांचं हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. आणि मी वीस वर्षं तिच्या डोक्यावरून जात होते.

मग इंजिनाचा आवाज कमी झाला. तांडेलाने बोट थव्याच्या बरीच अलीकडे थांबवली आणि इंजिन बंद केलं. आधी आवाज आला. हंसांचा मोठा घोळका हळू आवाजात गप्पा मारतोय असा, एकसारखा, खालच्या पट्टीतला. मग धुकं थोडं हललं आणि सगळा काठ गुलाबी दिसू लागला. आत्या उठून उभी राहणार होती, मी तिला धरून बसवलं. "रे देवा म्हाराजा," ती म्हणाली, आणि हात जोडले.

आपण मराठीत यांना रोहित म्हणतो, अग्निपंखही म्हणतो. इथे दोन जाती बरोबरच दिसतात आणि त्या ओळखता आल्या की मजा दुप्पट होते. लहान रोहित जास्त गडद, चोच काळपट लाल, संख्या याचीच मोठी. मोठा रोहित उंच, मान लांब, अंग जवळजवळ पांढरं, चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. दोघेही चोच उलटी करून पाण्यात धरतात. आतल्या चाळणीसारख्या कडांमधून जिभेने पाणी ढकलतात आणि अन्न मागे ठेवतात. लहान रोहित मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ खातो, मोठा चिखलातले बारीक जीव. रंग या खाण्यातूनच येतो. थव्यात करडी-मळकट पिल्लं दिसतील, ती त्यांची या वर्षीची किंवा गेल्या वर्षीची. अजून रंगायची आहेत. कच्छच्या रणात यांची वीण होते, तिकडून हे पक्षी मुंबईला येतात. नोव्हेंबर-डिसेंबरपासून यायला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारी-मार्चला थवे भरलेले असतात.

इथे शेवाळ इतकं का माजतं याचं एक कारण शहराचं सांडपाणी आहे, असं अभ्यासक सांगतात. हे ऐकून मला बोटीत बसल्या बसल्या कसंतरी झालं. आपल्या घाणीवर इतकं सुंदर काही जगतंय याचा आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं, ते मला ठरवता आलेलं नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्री विमानाची धडक बसून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले होते. ती बातमी वाचली तेव्हा ती पाखरं माझ्यासाठी एक आकडा होती. आता वाचली तर तशी वाचता येणार नाही.

तांडेल बोट पुढे नेत नव्हता. मागच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला, थोडं जवळ घ्या ना, उडतानाचा फोटो हवाय. "ते खातायत," तांडेल शांतपणे म्हणाला. "उडवले तर खाणं जातं. पाणी चढलं की आपले आपण उठतील, थांबा." मला या माणसाचा फार आदर वाटला. काही वर्षांपूर्वी मी दुसरीकडे एका खासगी बोटीने पाखरं बघायला गेले होते. तिथल्या माणसाने फोटोसाठी बोट सरळ थव्यात घातली होती. माणसं टाळ्या वाजवत होती आणि मला तिथून उतरून जावंसं वाटत होतं. ऐरोलीला आम्ही थांबलो. दहा-बारा मिनिटांनी पाणी पट्टीवर चढलं, आणि थव्याच्या एका टोकाने धावायला सुरुवात केली. पाण्यावर पाय मारत, मान पुढे ताणून, एकामागून एक. पंख उघडल्यावर आतला लाल आणि काळा रंग दिसतो. उभा असलेला पक्षी बघून तो अंगात आहे असं वाटतही नाही. त्या तरुणाने फोटो काढला की नाही मला माहीत नाही. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा कॅमेरा त्याच्या मांडीवर होता आणि तो नुसता बघत होता.

परतायला तास-सव्वा तास झाला असेल. दहाच्या पुढे पाण्यावरचं ऊन डोळ्यांवर येतं, तेव्हा टोपी किंवा पदर, आणि पाणी बरोबर ठेवा. दुर्बीण असेल तर नक्की न्या, नसेल तर शेजाऱ्याकडून मागून न्या. बोट अंतर राखते, त्यामुळे मोबाइलच्या फोटोत ठिपकेच येतात. गडद लाल-पिवळे कपडे टाळले तर बरं. स्वच्छतागृहाला निघण्यापूर्वीच जाऊन या. अगदी तान्ही बाळं नेऊ नका, गप्प बसावं लागतं.

पैसे खर्च करायचे नसतील तर शिवडी आहे. हार्बर लाइनवर शिवडीला उतरून धक्क्यापर्यंत चालत जाता येतं, आणि पाणी चढायला लागलं की पक्षी काठाकडे सरकतात. तिथेही तिथीचा हिशेब तोच. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू तिथूनच समुद्रात जातो, तोही बघून होतो. पण ऐरोलीला पाण्यावर बसून, इंजिन बंद झाल्यावर तो जो आवाज ऐकू येतो, तो धक्क्यावर इतका स्पष्ट येत नाही. आणि कुणी समजावून सांगणाराही नसतो.

आत्या गावी पोचल्यावर तिने फोन केला. शेजारणींना सगळं सांगून झालं होतं. "त्या तांडेलाक माझो नमस्कार सांग," म्हणाली. मी कालनिर्णयावर फाल्गुन शुद्ध षष्ठीला खूण केली आहे, साडेचारची भरती. वहिनी आणि तिच्या दोन मुली पुण्याहून येतायत, चार तिकिटं काढली आहेत. निरोप तेव्हा देईन.