दूरशिक्षणातून तत्त्वज्ञानाची पदव्युत्तर पदवी : मान्यता आणि मोल यांचा तुलनात्मक आढावा

दूरशिक्षणाने तत्त्वज्ञानात एम.ए. करू इच्छिणाऱ्यासमोर साधारणपणे तीन प्रकारच्या संस्था असतात : जुन्या पारंपरिक विद्यापीठाने चालवलेला ऑनलाइन अभ्यासक्रम, दूरशिक्षणासाठीच स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ आणि केवळ ऑनलाइन चालणारी खासगी संस्था. तिन्हींच्या माहितीपत्रकांत ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द सारख्याच ठळकपणे छापलेला असतो. त्या शब्दामागची यंत्रणा मात्र देशागणिक बदलते. शिवाय वैद्यक, कायदा किंवा अभियांत्रिकी यांना जशी स्वतंत्र व्यावसायिक परिषद असते, तशी तत्त्वज्ञानाला नसते. त्यामुळे अधिस्वीकृती, म्हणजे दर्जा तपासून दिलेली औपचारिक मान्यता, मिळते ती संस्थेला, आणि तिथला तत्त्वज्ञान विभाग सकस आहे की नावापुरता, याबद्दल ती काहीच सांगत नाही. मान्यता हा पदवीचा उंबरठा आहे. पदवीचे मोल त्याच्या आत ठरते.

तरीही आधी तपासायची ती मान्यताच. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते, आणि सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केले. परंतु ही परवानगी विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. कोणत्या सत्रासाठी कोणत्या संस्थेला कोणते अभ्यासक्रम चालवता येतील, याची यादी आयोगाचा दूरस्थ शिक्षण विभाग प्रसिद्ध करतो; म्हणून विद्यापीठाची नॅक श्रेणी (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने दिलेला दर्जा) पाहून थांबू नये, आपल्या प्रवेशाच्या सत्राला तत्त्वज्ञानाचे एम.ए. त्या यादीत आहे का, हे पाहावे. ब्रिटनमध्ये पदवी देण्याचा अधिकार कायद्याने किंवा शाही सनदेने मिळतो, आणि असा अधिकार असलेल्या संस्थांची यादी सरकारकडेच पाहायला मिळते. अमेरिकेतील व्यवस्था अधिक गुंतागुंतीची आहे. तिथे अधिस्वीकृती देण्याचे काम खासगी संस्था करतात, आणि त्या संस्थांना केंद्रीय शिक्षण खाते किंवा 1996 मध्ये स्थापन झालेली उच्च शिक्षण अधिस्वीकृती परिषद मान्यता देते. ‘प्रादेशिक’ आणि ‘राष्ट्रीय’ अधिस्वीकृती हा जुना भेद शिक्षण खात्याने 2020 पासून आपल्या नियमांतून काढून टाकला; पण दुसऱ्या संस्थेची पदवी किंवा श्रेयांक (क्रेडिट) स्वीकारायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाकडेच राहिला आहे.

अधिस्वीकृती देणारी संस्थाच बनावट असू शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. 2015 मध्ये उघड झालेल्या, बनावट पदव्या विकणाऱ्या अ‍ॅक्झॅक्ट या पाकिस्तानी कंपनीच्या प्रकरणात बनावट विद्यापीठांच्या जोडीला बनावट अधिस्वीकृती मंडळेही उभी केलेली आढळली होती. जीवनानुभवाच्या बदल्यात संपूर्ण एम.ए. देऊ करणारी किंवा काही आठवड्यांत पदवी हाती ठेवणारी संस्था तुलनेत धरण्याचेच कारण नाही.

आता मोलाविषयी. तत्त्वज्ञान शिकणे म्हणजे मोठ्या प्रमाणावर युक्तिवाद लिहिणे, जाणकाराने त्यातील कच्चे दुवे दाखवणे आणि तो पुन्हा लिहिणे. व्हिडिओ व्याख्याने कितीही उत्तम असली, तरी विद्यार्थ्याच्या निबंधावर कोण, किती बारकाईने आणि किती वेळा टिपण लिहितो, या एका प्रश्नावर मी इतर सगळ्या वैशिष्ट्यांपेक्षा अधिक भर देईन.

या कसोटीवर पारंपरिक विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम बहुधा सरस ठरतो. एडिनबरा विद्यापीठाचा ज्ञानमीमांसा (ज्ञानाच्या स्वरूपाचा विचार), नीतिशास्त्र आणि मन यांवरील ऑनलाइन एम.एस्सी. हे त्याचे चांगले उदाहरण. असा अभ्यासक्रम संशोधन करणाऱ्या विभागातून चालतो, गट लहान असतील तर चर्चा थेट होते, आणि विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा प्राध्यापक पुढे शिफारसपत्र लिहू शकतो. याची मर्यादाही सांगितली पाहिजे : विषय निवडक असतात, रोख प्रामुख्याने विश्लेषणात्मक परंपरेकडे, म्हणजे तर्क आणि भाषेच्या विश्लेषणावर भर देणाऱ्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाकडे असतो, आणि ज्याला न्याय, मीमांसा किंवा वेदान्त ही भारतीय दर्शने मूळ ग्रंथांतून अभ्यासायचे आहे, त्याच्या हाती इथे फारसे काही लागत नाही.

मुक्त विद्यापीठे दूरस्थ विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवूनच उभी राहिली. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला 1969 मध्ये शाही सनद मिळाली, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 मध्ये स्थापन झाले. दोन्हींचे पाठ्यसाहित्य स्वतंत्रपणे वाचूनही समजेल असे रचलेले असते, आणि ‘इग्नू’मध्ये भारतीय व पाश्चात्त्य अशा दोन्ही परंपरांचा अभ्यास होतो. मात्र जिथे विद्यार्थिसंख्या प्रचंड आणि गुणांचा मोठा भाग सत्रान्त परीक्षेवर अवलंबून असतो, तिथे लेखनावर सविस्तर टिपण मिळेलच अशी खात्री धरता येत नाही. शिस्तीने स्वतः वाचणाऱ्याला ही उणीव अभ्यासमंडळ जमवून काही प्रमाणात भरून काढता येते. शिफारसपत्राची उणीव मात्र तशी भरून निघत नाही.

खासगी ऑनलाइन संस्थांबाबत सरसकट मत देणे अन्यायाचे होईल. मान्यता निर्विवाद असेल, तर पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि प्रबंधिका (एम.ए.च्या शेवटी लिहायचा दीर्घ शोधनिबंध) अनिवार्य आहे का, एवढे पाहिले तरी चित्र बरेच स्पष्ट होते.

निवड अखेर हेतूवर अवलंबून राहते. पदोन्नतीसाठी किंवा नोकरीतील पात्रतेसाठी पदवी हवी असेल, तर मुक्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त पदवी पुरेशी आहे, आणि तिच्यापेक्षा महागडी पदवी घेण्याने पात्रतेत काहीही भर पडत नाही. भारतात नेट या, सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसायचे असल्यास पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात 55 टक्के गुण लागतात, आणि मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी तिथे चालते, पीएच.डी. मात्र 2022 च्या विनियमांनुसार दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने करता येत नाही, हे लक्षात ठेवून पुढची आखणी करावी. परदेशातील पीएच.डी.कडे नजर असेल, तर प्रवेशसमिती लेखननमुना आणि शिफारसपत्रे बारकाईने पाहते. अशा विद्यार्थ्याने लहान गटाचा आणि प्रबंधिका अनिवार्य असलेला अभ्यासक्रमच निवडावा, तर्कशास्त्राचा एक औपचारिक पेपर त्यात आहे की नाही हे पाहावे, आणि ज्या देशात पदवी वापरायची आहे तिथल्या समकक्षता देणाऱ्या संस्थेकडून परदेशी ऑनलाइन पदवीबाबतचे उत्तर प्रवेशाआधी लेखी मिळवावे.

पुष्कळांचा हेतू याहून साधा आणि माझ्या मते तितकाच आदरणीय असतो : त्यांना विषय नीट समजून घ्यायचा असतो. त्यांच्यासाठी मान्यतेचा मुद्दा मागे पडतो आणि अभ्यासक्रमाची वाचनयादी पुढे येते. ती यादी मागवून घ्यावी. मूळ ग्रंथ कमी आणि सारांशपुस्तिका जास्त दिसल्या, तर दुसरा अभ्यासक्रम शोधावा.