पाण्याखालून होडीचं बूड साफ करणारी देवबागची पोरं

माझी ३२ फुटी फायबर होडी डॉल्फिनच्या फेऱ्या मारते. पावसाळ्यात वर ओढून झाकून ठेवतो तेव्हा बुडाला रंग लावतोच. तरी डिसेंबर उजाडेपर्यंत शेवाळ आणि बार्नेकल (बुडाला चिकटून राहणारे कवचाचे बारके जीव) धरतात, मशीन ओरडायला लागतं, डिझेल वाढतं. ऐन नाताळात होडी वर ओढणं परवडत नाही, म्हणून या दोन भावांना बोलावलं. गेल्या हंगामातच धंदा सुरू केलाय त्यांनी.

मला रविवार हवा होता. त्यांनी साफ नाही म्हटलं, अष्टमीचा दिवस दिला. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, पाण्याची ओढ कमी, आणि भरती भरून पाणी थांबलं की खाडीतही हातभर पुढचं दिसतं. आल्याआल्या धाकटा म्हणाला, "काका, आधी मशीनची चावी माका देवा." ती त्याने गळ्यात अडकवली, मगच मोठा पाण्यात उतरला. खाली उतरलेल्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा घेणारी नळी धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला उंच बांधली होती. हे बघून माझा जीव भांड्यात पडला.

दोन वर्षांपूर्वी एकाने लोखंडी पट्टीने खरवडून माझा रंगच काढला होता. त्या रंगातल्या तांब्यामुळेच जीव चिकटत नाहीत. तो गेला की दुप्पट धरतात. या पोराने आधी हातमोजा फिरवून पाहिला. लाल रंग उतरतोय म्हटल्यावर ब्रश ठेवला आणि मऊ स्पंजने सगळं बूड पुसलं. पट्टी वापरली ती फक्त होडी ढकलणाऱ्या पंख्यावर, आणि तिथलेही बार्नेकल मुळापासून, पांढरी चकती न ठेवता काढले. वर येताना शाफ्टवरचं, म्हणजे पंख्याच्या दांड्यावरचं झिंक घेऊन आला (पंख्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा): अंघोळीच्या साबणाची शेवटची चिपटी असते तेवढं उरलं होतं. मला पत्ताच नव्हता. आणखी महिनाभर तसंच राहतं तर खाऱ्या पाण्याने पंखा खाल्ला असता.

फुटाला ६० रुपये, म्हणजे १,९२० झाले. दीड तास लागला. दुसऱ्या दिवसापासून तेवढ्याच फेऱ्यांना ४ लिटर डिझेल कमी लागतंय.

दोन गोष्टी मात्र सुधारा, बाबांनो. नवं झिंक तुमच्याकडे नव्हतं, मला मालवणात जाऊन आणावं लागलं. दोन-चार मापांची जवळ ठेवा. आणि एक पाण्यात, एक कॉम्प्रेसरवर, एवढ्यावर भागवू नका. खाली कोणी अडकला तर उतरायला तिसरा हवाच. त्याच्या मजुरीसाठी फुटाला १० रुपये वाढवलेत तरी मी देईन. फेब्रुवारीतल्या भांगाला परत या.