नोव्हेंबरच्या वाफ्यात बी टाकायचं की तयार रोप लावायचं?

शेजारच्या वहिनींनी यंदा दारापुढं चार वाफे केलेत, गच्चीवर दहा-बारा कुंड्या. परवा कुंपणावरून विचारत होत्या, "बी आणू का नर्सरीतनं रोपंच उचलू?" मी म्हटलं, "आधी भाजी कुठली ते सांगा."

हा हिशोब पैशापेक्षा मुळांचा आहे. मुळा आणि गाजर यांचं सोटमूळच आपण खातो. रोप उपटून दुसरीकडं लावलं की मूळ वाकडं होतं, नाहीतर त्याला फाटे फुटतात. त्यामुळं या दोन्हींचं बी जागेवरच टोकायचं. मेथी, पालक, कोथिंबीर यांचंही तसंच. पेंडीभर भाजीसाठी रोपं कोण लावत बसणार? मेथीला तर दुकानातही जावं लागत नाही, फोडणीच्या डब्यातले दाणे चालतात. धने मात्र हलके रगडून दोन फाकी करून पेरा आणि धीर धरा. मेथी चार-पाच दिवसांत डोकं वर काढते, कोथिंबिरीला दहा-पंधरा दिवस लागतात. सगळा वाफा एकदम पेरू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं एकेक पट्टा पेरला तर महाशिवरात्रीपर्यंत ताजी भाजी मिळत राहील. वाटाणाही बियांचाच, रात्रभर भिजवून टोका.

फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, वांगी यांचं गणित उलटं आहे. यांचं बी आधी गादीवाफ्यात किंवा ट्रेमध्ये चार-पाच आठवडे सांभाळावं लागतं. ऑक्टोबरात टाकलं असतं तर मी घरच्याच रोपांचा आग्रह धरला असता. आता नोव्हेंबर संपत आला. साताऱ्यात रात्रीचा पारा १५ अंशांच्या खाली उतरायला लागला की टोमॅटो-वांग्याचं बी उगवायला आळस करतं. आज टाकलेल्या फ्लॉवरचा गड्डा मार्चच्या उन्हात सापडून सुटा आणि पिवळट होणार. शिवाय एका पाकिटात शंभरावर बिया आणि तुम्हाला हवेत आठ गड्डे. टोमॅटोचं उरलेलं बी कोरड्या जागी दोन-तीन वर्षं टिकतं; कांद्याचं मात्र वर्षभरातच दगा देतं.

तयार रोपांत धोका नाही असं नाही. मी एकदा फ्लॉवरची उंच, जून झालेली रोपं स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. गड्डे लिंबाएवढे धरले आणि तिथंच थांबले. वय झालेलं रोप लावलं तर असं होतं. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या जातीचं रोप थंडीत लावलं तरी हेच होतं, म्हणून हळवं की गरवं (उशिरा तयार होणारं) ते विचारूनच घ्या. चार-पाच पानांचं, बुटकं, मुळं पांढरी असलेलं रोप निवडा. फूल आलेलं टोमॅटोचं रोप दिसायला छान, पण सोडून द्या. पानं उलटी करून मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आहे का बघा, नाहीतर विकतचा मावा घरभर होईल. लागण संध्याकाळी करा, पाणी मात्र रोजचं सकाळी द्या. रात्रभर ओली राहिलेली माती आणि दव यांनी कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात.

बीट दोन्हीकडं बसतं. त्याच्या एका बोंडातून दोन-तीन कोंब येतात, विरळणी करावीच लागते. काढलेली रोपं फेकू नका, रिकाम्या जागी लावा.

शेवंतीसाठी आता बी नको, काडीही नको. कळ्या धरलेली कुंडीच आणा. रात्र मोठी झाली की शेवंती कळ्या धरते. फाटकावरच्या दिव्याखाली ठेवली तर दिवा रात्रभर जळतो आणि शेवंती नुसती पानं काढते. वहिनींची गेल्या वर्षीची बहुतेक अशीच गेली.

आणि नर्सरीत स्ट्रॉबेरी दिसली की मोह होणारच. तिचं बी चुकूनही घेऊ नका. महाबळेश्वर-पाचगणीकडंही ती धावत्या फांदीच्या रोपांपासूनच लावतात, तीही सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याला उशीर झालाय, तरी हौस म्हणून दोन रोपं घ्या. फक्त मधला कोंब मातीच्या वर ठेवा. तो गाडला गेला की रोप सडतं.