हनन्याचे ढोंग आणि मूर्ख कुमारींची खोटी आशा

ख्रिस्ती जीवनातील ढोंग आणि खोटी आशा बहुधा एकाच मापाने मोजली जातात, पण त्यांची जात वेगळी आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात हनन्या आणि त्याची पत्नी सप्पीरा जमीन विकतात, किमतीचा काही भाग संगनमताने मागे ठेवतात आणि उरलेली रक्कम जणू तीच सगळी आहे अशा आविर्भावात प्रेषितांच्या चरणांशी ठेवली जाते. पैसे ठेवून घेणे हा अपराध नव्हता, कारण विकल्यावरही रक्कम हनन्याच्याच अधिकारात होती, हे प्रेषित पेत्र स्पष्ट सांगतो. अपराध देखाव्याचा होता आणि तो दोघांनाही ठाऊक होता.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायातील येशूच्या दाखल्यात दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहतात; त्यांतल्या पाच मूर्ख कुमारींचे तसे नव्हते. हाती दिवे होते, वाट वराचीच होती आणि डुलक्या तर उरलेल्या पाच शहाण्यांनीही काढल्या होत्या (हे सहसा विसरले जाते). माझ्या मते हीच अवस्था अधिक अवघड आहे, कारण ढोंग्याला निदान स्वतःचा हिशेब माहीत असतो. यांना तेलाची उणीव मध्यरात्री दिवे विझू लागल्यावर कळली. त्या तेल आणायला गेल्या आणि परतल्या तेव्हा दार बंद होते. ते उघडा म्हणणाऱ्या त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती.