रायडर कप २०२५, बेथपेज ब्लॅक : शनिवारच्या तिकिटात काय मिळाले?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बेथपेज ब्लॅक या सार्वजनिक मैदानावर २६ ते २८ सप्टेंबर २०२५ या काळात झालेल्या रायडर कपच्या, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप या सांघिक गोल्फ स्पर्धेच्या, एका दिवसाच्या तिकिटाला सुमारे ७५० डॉलर, म्हणजे जवळपास ६६ हजार रुपये मोजावे लागत होते. त्यात खाणे आणि मद्य सोडून इतर पेये धरलेली होती. तरीही हा दर अवाच्या सवा होता, असे माझे मत आहे. हा अभिप्राय फक्त शनिवारच्या तिकिटाबद्दल आहे.

नेहमीच्या गोल्फ स्पर्धेत दिवसभर कुठल्या ना कुठल्या होलवर (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी एकावर) कोणी तरी खेळत असते. इथे मात्र पहिल्या दोन दिवशी सकाळी चार आणि दुपारी चार एवढेच सामने असतात, आणि सकाळच्या फोरसम्समध्ये जोडीतले दोघे एकच चेंडू आळीपाळीने मारत असल्यामुळे अठरा होलच्या विस्तीर्ण मैदानावर जेमतेम आठ चेंडू खेळात असतात. एखाद्या जोडीमागे धावत सुटलेल्या प्रेक्षकाला पुढच्यांच्या पाठी आणि टोप्या दिसतात. त्यापेक्षा शेवटच्या काही होलपैकी एखाद्या ग्रीनपाशी (होलच्या शेवटी खळगा असलेल्या गुळगुळीत हिरवळीपाशी) ठाण मांडून बसावे. आम्ही सोळावे निवडले आणि ती निवड फळाला आली.

अमेरिकी संघाची दुर्दशा समजून घ्यायची असेल, तर फोरसम्सच पाहायला हवेत. सामना जास्त होल जिंकणाऱ्याचा असतो. शुक्रवारी युरोपच्या मॅकिलरॉय-फ्लीटवूड या जोडीकडून अमेरिकेचे कॉलिन मोरिकावा आणि हॅरिस इंग्लिश चार होल शिल्लक असतानाच पाच होलच्या फरकाने हरले होते. आकडेवारीच्या अभ्यासकांनी ही अमेरिकी जोडी सर्वांत कमकुवत ठरवलेली असताना कर्णधार कीगन ब्रॅडली यांनी शनिवारी तीच पुन्हा उतरवली, समोर पुन्हा तेच प्रतिस्पर्धी आले आणि निकालही तसाच लागला. जगातला अव्वल खेळाडू स्कॉटी शेफलर पहिल्या दोन दिवसांतले चारही सामने हरला. शनिवारी सकाळी यजमानांना मिळालेला एकमेव गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) डीशॅम्बो आणि यंग यांनी आणला.

यामागे निव्वळ दुर्दैव होते, असे म्हणवत नाही. बेथपेजचा दरारा आहे तो तिथल्या उंच, दाट रफमुळे, म्हणजे खेळाच्या पट्ट्याबाहेरच्या गवतामुळे. निष्णात खेळाडूंनीच इथे खेळावे, असा इशाऱ्याचा फलक तिथे कायम लावलेला असतो. त्या रफची छाटणी करून घेतली, त्यात पावसाने ग्रीन मऊ झाले, आणि मैदान सोपे होऊन सगळा निकाल पटिंगवर, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच खळग्यात घालण्यावर, येऊन ठेपला. पटिंगमध्ये युरोपचे खेळाडू सरस होते. मैदानाची ही तयारी चुकल्याचे ब्रॅडली यांनी नंतर मान्य केले. घरच्या मैदानाचा फायदा आपल्याच हाताने कापून टाकण्याचे असे उदाहरण विरळाच.

प्रेक्षकांबद्दल लिहिणे नकोसे वाटते, पण टाळता येत नाही. सोळाव्या होलवर मॅकिलरॉय फटक्यासाठी उभा राहिला असताना शेरेबाजी थांबेना. तो मागे सरला, गर्दीला कडक शब्दांत गप्प बसायला सांगितले आणि पुढच्याच फटक्यात चेंडू झेंड्याजवळ नेऊन ठेवला. सामना तिथेच संपला. खेळाच्या दृष्टीने पाहिले तर दिवसभरातला हाच सर्वोत्तम क्षण. मात्र आजूबाजूची भाषा अशी होती की लहान मुलांना सोबत आणलेल्या पालकांची कीव यावी. पुढे बंदोबस्त वाढवण्यात आला, आणि अशाच एका शिवराळ घोषणेत सहभागी झालेली पहिल्या टीवरची (सुरुवातीचा फटका मारतात त्या जागेवरची) निवेदिका रविवारी त्या कामातून बाजूला झाली.

शनिवारी संध्याकाळी गुणफलक युरोप साडेअकरा, अमेरिका साडेचार असा होता. रविवारच्या सिंगल्समध्ये (एकास एक सामन्यांत) मात्र अमेरिकेने बारापैकी साडेआठ गुण मिळवले आणि युरोपला एकच सामना निखळ जिंकता आला. युरोपच्या शेन लाउरीने अठराव्या ग्रीनवर पट घालून सामना बरोबरीत सोडवला, तेव्हा कुठे करंडक युरोपकडेच राहणार हे पक्के झाले. अखेरचा निकाल १५-१३. तेवढ्याच किमतीत रविवारी अकरा सामने (बारावा दुखापतीमुळे न खेळताच बरोबरीत धरला गेला) आणि खरीखुरी चुरस होती.

शनिवारच्या तिकिटाला मी पाचपैकी अडीच गुण देईन, तेही फोरसम्ससाठी. २०२७ मध्ये ही स्पर्धा आयर्लंडमधील अडेअर मॅनर येथे आहे. जाणार असाल तर रविवारचेच तिकीट पाहावे, आणि खेळाडू जवळून पाहण्यापुरतीच हौस असेल तर सरावाच्या दिवसाचे घ्यावे. बेथपेजला ते साधारण २५५ डॉलरना होते.